आदर्श वाचक प्रल्हाद नेहेते

"मला बक्षीस मिळालंय," आमचे हे म्हणाले, आणि पिशवीतून भरताची वांगी काढून ताटात मांडू लागले.

"कसलं? युरिया जास्त खपवला म्हणून?"

"नाही."

"मग?"

त्यांनी शेवटचं वांगं ठेवलं, त्याचा देठ सरळ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचनाचं."

सासूबाई उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. "कोणाच्या?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची पाकळी उचलली. स्वतःच्या मुलाबद्दल त्यांचा कधीच फार गैरसमज नव्हता.

माझ्या नवऱ्याचं बियाणं-खतांचं दुकान होतं. बियाण्याच्या पाकिटावरची मुदत सोडली तर ते काही वाचत नसत. पेपर उघडत, केळीच्या भावापाशी थांबत, आणि मग त्याच पेपरवर भजी घेऊन खात. वाईट माणूस नव्हता, फक्त अक्षरांशी त्याचं कामापुरतं बोलणं होतं. अशा माणसाला आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाने वर्धापनदिनी 'आदर्श वाचक' म्हणून निवडलं होतं, आणि त्यात वाचनालयाची काहीच चूक नव्हती. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना. गेली तीन वर्षं हा माणूस दिवसाआड संध्याकाळी दुकान बंद करून खिडकीशी येतो, दोन पुस्तकं परत करतो, दोन नेतो. न चुकता. पावसात पुस्तकं शर्टाच्या आत घालून नेतो. असा वाचक जिल्ह्यात नाही.

ती पुस्तकं मी वाचत होते.

वाचनालय संध्याकाळी सात ते नऊ सर्वांसाठी उघडं असे. सर्वांसाठी म्हणजे पुरुषांसाठी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आमच्या गावात न लिहिलेलंच जास्त पाळलं जाई. बायकांसाठी बुधवारी दुपारी 'महिला विभाग' उघडत. विभाग म्हणजे एक कपाट. त्यात लोणची, विणकाम, बाळंतिणीची काळजी आणि उपासतापास. लग्न होऊन आले तेव्हा संक्रांत होती, होळीपर्यंत मी ते कपाट संपवलं. लोणच्यांचं पुस्तक तर कादंबरीसारखं वाचलं. पात्रं चांगली होती, पण प्रत्येकाचा शेवट बरणीत.

मला हे व्यसन माहेरचं. आम्ही सहा भावंडं, आणि घरात एका वेळी पुस्तक एकच. जो झोपेल, त्याच्या हातातून काढून घ्यायचं आणि तो ज्या पानावर असेल तिथून पुढे वाचायचं. त्यामुळे मी पुष्कळ कादंबऱ्या मधूनच सुरू केल्या आणि सुरुवातीला काय झालं असेल ते आपल्या मनाने भरून काढलं. बी.ए. होईपर्यंत अशी सवय झाली होती की भाकरी थापताना समोर पुस्तक नसलं तर भाकरी वाकडी होई. पुस्तक असलं तर करपे. एकंदरीत आमच्या घरी चांगली भाकरी सासूबाईच करत.

तर कपाट संपल्यावर मी वाघुळदे सरांकडे गेले. सर निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे कार्यवाह. म्हटलं, मला सभासद व्हायचंय, सर्वांसाठीच्या विभागाची.

"वहिनी," सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "प्रल्हादच्या वडिलांपासून तुमच्या घरात एक कार्ड आहे. एका घरात कशाला दोन चुली मांडता?"

मग ते धूळ खात पडलेलं कार्ड बाहेर निघालं. मी सकाळी पुस्तकाचं नाव सांगे, हे संध्याकाळी आणत. दिवसभर खतांची, औषधांची नावं ऐकून पुस्तकाचं नाव जागेवर राहील याची खात्री नसे. एकदा प्रवासवर्णन सांगितलं, तर शेळीपालनावरचं पुस्तक आलं. मी तेही वाचलं. दोनदा. शेळीबद्दल मला आजही कोणीही विचारावं.

आपण हे बायकोसाठी नेतो असं त्यांनी खिडकीशी कधी सांगितलं नाही. बाजारात त्याचा अर्थ काय झाला असता हे दोघांनाही माहीत होतं. लोकांनी मात्र आपणच अर्थ काढला. प्रल्हादशेठ वाचतात. गिऱ्हाईक फवारणीचं विचारायला येई आणि जाता जाता देशाचं काय होईल तेही विचारून घेई. हे म्हणत, "बघावं लागेल." एवढंच. जो माणूस इतकं वाचूनही एवढंच बोलतो, तो खरा विद्वान, असं गावाचं मत पडलं.

"शाल, श्रीफळ," हे सांगत होते. "दहा मिनिटं भाषण. जिल्ह्याहून एक प्राचार्य येणार पाहुणे म्हणून. आणि वर्षभर पुस्तक निवड समितीवर घेतात."

मी हातातली पळी खाली ठेवली.

"कोणत्या समितीवर?"

"पुस्तक निवड. वर्षाची पुस्तकं कुठली घ्यायची ते ठरवतात."

ती समिती मला बाहेरून चांगली माहीत होती. तिची कामगिरी मी रोज वाचत होते. थोर पुरुषांची चरित्रं, नोकरीच्या परीक्षांची पुस्तकं आणि वाघुळदे सरांच्या साडूंचा कवितासंग्रह, अकरा प्रती. चांगली कादंबरी वाचनालयात यायची ती चुकूनच, कुणाची तरी भेट म्हणून.

"मी काय म्हणतो," हे हळूच म्हणाले, कारण सासूबाई ऐकत होत्या. "तू मला नावं सांग. मी तिथं बसून तीच सुचवतो. तुझ्या मनासारखी पुस्तकं येतील. आत्ता चाललंय तसंच."

माणूस मनापासून बोलत होता. मोहही झाला. पण का कोण जाणे, 'आत्ता चाललंय तसंच' हे शब्द मला खटकले.

"मला बसायचंय तिथं," मी म्हणाले. "स्वतःला."

"समितीत? बाई?"

"का? खुर्च्या मोडतील?"

"वाघुळदे सर ऐकायचे नाहीत."

"तुम्ही सांगून बघा. भाषणातच सांगा, की वाचते ती."

त्यांनी वांग्याचा देठ पुन्हा सरळ केला. "मंदा, बाजारात बसतो मी. तीन वर्षं लोक मला देशाचं विचारतात."

"मग?"

"बघावं लागेल."

भरीत चांगलं झालं होतं म्हणतात. मला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ते भाषण करायचंच म्हणून बसले. म्हणजे मी बसवलं. बक्षीस नाकारायची सोय नव्हती, वाघुळदे सरांनी दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर हार घातला होता. निदान माणसाची फजिती होऊ नये. मी म्हटलं, एकाच कादंबरीवर बोला. विहिरीची घ्या.

ती कादंबरी माझ्या फार जवळची होती. दोन भाऊ, मध्ये एक विहीर. बाप मरतो आणि विहीर कुणाची यावरून दावा लागतो. वर्षानुवर्षं चालतो, दोन्ही घरं वकिलांच्या घरात जातात. थोरल्या भावाची बायको, तिला पुस्तकभर नाव नाही, नुसतं थोरली म्हणतात. म्हातारा मरताना काय बोलला ते फक्त तिने ऐकलेलं असतं. आणि ती शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. मी कितीतरी दुपारी त्या थोरलीसाठी रडले होते.

"बोला, थोरलीचं मौन धरणीसारखं आहे," मी सांगितलं. "सगळं पोटात घेते, वर हिरवळ दाखवते."

"धरणीसारखं," त्यांनी पाठ केलं. मग म्हणाले, "का बोलत नाही पण ती?"

"त्यातच तर मोठेपण आहे."

"तिला माहीत आहे ना सासरा काय बोलला?"

"आहे."

"मग?"

"अहो, तुम्ही पाठ करा."

"करतो. पण मला कोणी विचारलं, का बोलत नाही, तर काय सांगू?"

"सांगा, बघावं लागेल."

ते हसले नाहीत. त्या संध्याकाळी विहिरीची कादंबरी कोनाड्यात दिसेना. दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी परत जागेवर आली, तिला डी.ए.पी. खताचा वास येत होता. मी काही विचारलं नाही. वास घेतला आणि ठेवून दिली.

वर्धापनदिनाचा कार्यक्रम वाचनालयाच्याच सभागृहात होता. पुढे सतरंजीवर म्हाताऱ्या बायका, त्यांच्यामागे खुर्च्यांवर पुरुष, आणि अगदी मागे भिंतीशी आम्ही उरलेल्या बायका. सासूबाई पहिल्या रांगेत. मुलगा आदर्श झाला होता, त्यांना बघायचं होतं कसं काय ते.

वाघुळदे सरांनी प्रास्ताविकात सांगितलं की प्रल्हादशेठनी तीन वर्षांत जितकी पुस्तकं वाचली तितकी गावाने मिळूनही वाचली नाहीत. टाळ्या झाल्या. शाल पांघरली, नारळ दिला. आमचे हे ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. कपाळावर घाम, हातात मी लिहून दिलेला कागद.

सुरुवात मी लिहून दिली होती तशीच केली. पुस्तक म्हणजे मित्र, वाचन म्हणजे डोळे, वगैरे. मी मागून ओठ हलवत होते. मग विहीर आली, दोन भाऊ आले, दावा आला. गावातले अर्धेअधिक लोक कुठल्या ना कुठल्या दाव्यात असल्यामुळे सभागृह एकदम पुढे सरकून बसलं.

"आणि या पुस्तकात थोरली आहे," हे म्हणाले. "लेखक म्हणतो, तिचं मौन धरणीसारखं आहे."

इथे टाळी घ्यायची असं आमचं ठरलं होतं. त्यांनी घेतली नाही. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मला नाही पटलं," ते म्हणाले. "ती चुकली."

माझे ओठ हलायचे थांबले.

"सासरा तिच्यासमोर बोलला होता, की विहीर दोघांची. एक वाक्य. ते तिनं पहिल्याच वर्षी सांगायला पाहिजे होतं. दोन घरं वाचली असती. बाई शहाणी आहे, तिला सगळं ठाऊक आहे, आणि गप्प बसते. हे काय मोठेपण झालं? मी म्हणतो, चूक झाली."

"सांगायचं कुणाला?"

हे कोण बोललं म्हणून सगळे मागे वळले. मी उभी होते. कधी उभी राहिले, आठवत नाही.

"सांगायचं कुणाला?" मी पुन्हा म्हणाले. "दिरानं विचारलं तिला? वकिलानं विचारलं? नवरा तरी कधी म्हणाला, की बाई, तुला काय माहीत आहे?"

"विचारलं नाही म्हणून बोलायचंच नाही?" हे ध्वनिक्षेपकातून म्हणाले, त्यामुळे आमचं भांडण बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं.

"गेली होती ती बोलायला! दसऱ्याच्या आधी, विहिरीवर. नवरा म्हणाला, तू भाकरी बघ. ते पान तुम्ही सोडलंत!"

"काही सोडलं नाही. वाचलं. तिथून ती परत फिरली. फिरायला नको होतं."

"आणि भाकरी?"

"करपू द्यायची!"

सभागृहात आधी पुरुष हसले. मग मागे भिंतीशी कुणीतरी, मला वाटतं सोनाराची सून, मोठ्याने म्हणाली, "करपू द्यायची!" आणि आमच्या रांगेत जी खसखस पिकली ती थांबेना.

"वहिनी, बसून घ्या," वाघुळदे सर म्हणाले. "कार्यक्रमाला उशीर होतोय. प्रल्हाद, तू पुढचं बोल."

"थांबा," पाहुणे म्हणाले. प्राचार्य बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, आतापर्यंत झोपल्यासारख्या बसल्या होत्या. "बाई, हे पुस्तक तुम्ही केव्हा वाचलंत?"

"दोनदा वाचलं," मी म्हणाले. "नाही, तीनदा."

"आणि इथून दुसरं काही वाचलंत?"

मी उत्तर देणार होते, पण ध्वनिक्षेपक ह्यांच्याकडे होता.

"मॅडम, सगळं तिनंच वाचलं," आदर्श वाचक म्हणाले. "मी फक्त ने-आण केली. मी हे एकच वाचलं, तेही तिच्याशी भांडता यावं म्हणून."

बाजारातली सगळी ओळखीची तोंडं त्यांच्याकडे बघत होती, आणि मला माहीत होतं त्या वाक्याची त्यांना उद्या काय किंमत पडणार आहे ते. आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली, नायकही पुष्कळ भेटले. पण अंगावर शाल, बगलेत नारळ आणि कानाच्या पाळ्या लाल, असा एकही नाही.

वाघुळदे सर उठले. "मग आता... शाल तर पांघरून झाली."

"शाल राहू द्या, थंडी आहे," हे म्हणाले. "समितीवर मात्र तिला घ्या."

"नियमाने समितीवर सभासदच लागतो. वहिनी सभासद नाहीत."

"मग करा सभासद."

"अरे, पण तुमच्या घरात एक कार्ड—"

"सर, दुसरी चूल मांडा."

"मांडा हो मास्तर!" पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. "लाकडं आम्ही देतो!"

प्राचार्य बाई आता पूर्ण जाग्या झाल्या होत्या. त्यांनी सरांना एवढंच विचारलं की बाई सभासद होऊ शकत नाहीत असा काही नियम आहे का. सरांनी मान वर केली, खाली केली, समितीच्या इतर सदस्यांकडे बघितलं. सदस्य छताकडे बघत होते. नियम नव्हता. तो कधी कोणाला लागलाच नव्हता. मग सर खाकरून म्हणाले की वाचनालय स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत पहिल्यापासूनच अग्रेसर आहे, आणि जणू हे त्यांचंच ठरलेलं होतं अशा आवाजात माझं नाव समितीवर जाहीर केलं. मुख्याध्यापकी उगाच नाही केली सरांनी.

घरी जाताना रस्त्यात मी ह्यांना विचारलं, "मुद्दाम बोललात ना तसं? मी उठावं म्हणून?"

"कसं?"

"थोरली चुकली म्हणून."

"मुद्दाम कशाला? चुकलीच ती."

आज माझी पन्नाशी उलटली, तरी यावर आमचं एकमत नाही. त्यानंतर ह्यांनी बरीच पुस्तकं वाचली, आणि प्रत्येक पुस्तकात चुकलेलं कुणीतरी शोधून काढलं. दुकानात लोक थोडे दिवस टोमणे मारत होते, "काय शेठ, आज काय वाचायला आणायचंय?" हे म्हणत, "वहिनींना विचारून ये." मग टोमणे थांबले, आणि काही जण खरंच विचारायला येऊ लागले.

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही चौकापर्यंतही पोचलो नसू, तेवढ्यात मागून बायकांनी गाठलं. सोनाराची सून, पोस्टमास्तरांची बायको, गिरणीवाल्यांच्या दोघी जावा, ज्या एकमेकींशी बोलत नसत.

"अहो वहिनी, ते सगळं खरं," सोनाराची सून म्हणाली. "पण विहीर शेवटी मिळाली कुणाला?"

मी तोंड उघडलं. सगळ्या जवळ सरकल्या. धाकटी जाऊ थोरलीच्या खांद्यावरून वाकली.

मग मी तोंड मिटलं.

"वाचनालयात आहे," मी म्हणाले. "जाऊन वाचा."

"अशी काय हो तुम्ही!"

"बुधवारी नाही मिळायची. संध्याकाळी जा, सात वाजता."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर वाघुळदे सर स्वतः आमच्या दारात आले. कपाळाला आठ्या, टोपी हातात.

"वहिनी, तुम्ही काय करून ठेवलंय? खिडकीशी बायका उभ्या आहेत. पुरुषांना आत यायला जागा नाही. सगळ्यांना ते विहिरीचंच पुस्तक पाहिजे. सभासद करा म्हणतात, अनामत रक्कमसुद्धा बांधून आणलीय. आणि माझ्याकडे प्रत एक! ती गिरणीवाल्यांच्या दोघींनी दोन बाजूंनी धरलीय. आता करू काय मी?"

"बसा ना सर. चहा?"

"चहा नको. समितीच्या तुम्ही सभासद. सांगा आता."

"आणखी चार मागवा," मी म्हणाले.

सरांनी उसासा टाकला, खिशातून पेन काढलं, हातावरच लिहायला घेतलं. "शिफारस कुणाची? सौ. नेहेते?"

"मंदाकिनी नेहेते," मी म्हणाले. "आणि सर, चार नको. सहा मागवा."